गलबतावरचा राघू

चाच्यांची गोष्ट म्हटली की मुलांच्या डोळ्यांपुढे एक ठरलेले चित्र उभे राहते. एका पायाने अधू, कुबडी टेकीत चालणारा दांडगा खलाशी आणि त्याच्या खांद्यावर बसून कर्कश ओरडणारा पोपट. हे चित्र जगाला दिले ते रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन या स्कॉटिश कादंबरीकाराने. १८८३ साली पुस्तकरूपाने निघालेल्या त्याच्या 'ट्रेझर आयलंड' या कादंबरीत लाँग जॉन सिल्व्हर नावाचा जहाजावरचा आचारी आहे, आणि त्याचा पोपट चांदीच्या नाण्यांचा अखंड जप करीत असतो. पोपटाचे नाव 'कॅप्टन फ्लिंट'. म्हणजे सिल्व्हरच्या जुन्या, मरून गेलेल्या कप्तानाचे. पुढे १८९४ साली स्टीव्हन्सनने मोकळ्या मनाने लिहून टाकले, की हा पोपट मूळचा आपला नव्हेच. तो रॉबिन्सन क्रूसोच्या घरचा!

क्रूसोचा पोपट त्याहून १६४ वर्षांनी जुना. डॅनियल डीफोची ती कादंबरी १७१९ सालची. ओसाड बेटावर एकटा पडलेला क्रूसो एक रानपोपट धरतो, त्याला बोलायला शिकवतो, आणि कितीतरी वर्षे त्याला त्याच्या नावाने हाक मारणारे त्या बेटावर दुसरे कोणी नसते. सुटका होऊन परत निघताना तो ज्या मोजक्या वस्तू आठवण म्हणून गलबतावर घेतो, त्यांत बकऱ्याच्या कातड्याची टोपी आहे, हाताने केलेली छत्री आहे, आणि एक पोपट आहे.

डीफोपुढे एका खऱ्या खलाशाची हकीकत होती असे मानतात. अलेक्झांडर सेलकर्क त्याचे नाव. १७०४ साली चिलीच्या किनाऱ्यापासून दूर असलेल्या हुआन फर्नांडेझ बेटांपैकी एकावर तो एकटाच राहिला. चार वर्षे आणि चार महिने लोटल्यावर १७०९ साली कप्तान वूड्स रॉजर्सच्या जहाजाने त्याला उचलले. रॉजर्सने लिहून ठेवले आहे, की हा माणूस बोलेना असे नव्हे, पण शब्द अर्धेच तोंडाबाहेर पडत. वापर नसल्यामुळे तो आपली भाषा विसरत चालला होता. बेटावर त्याने मांजरे माणसाळविली होती, करडे पाळली होती, त्यांच्या संगतीत तो गात आणि नाचत असे. पण मांजर काही माणसाला उत्तर देत नाही. डीफोने आपल्या क्रूसोला पोपट दिला तो काही उगीच नाही. सेलकर्कजवळ जे नव्हते नेमके तेच त्याने कथेत घातले.

ही झाली कादंबऱ्यांची गोष्ट. आता कादंबरीकार आपल्या सोयीने हवे ते रचतो, हे मी स्वतः कादंबऱ्या लिहिणारा मनुष्य असल्यामुळे पक्के जाणतो. तेव्हा खरोखरीच्या शिडाच्या गलबतांवर, महिनोन् महिने जमीन न दिसणाऱ्या प्रवासांत, बोलके पोपट होते काय? असले तर कशासाठी? आणि त्या पक्ष्यांचे तेथले जिणे कसे होते? जुने दर्यावर्दी आपल्या रोजनिशांत काय लिहून गेले आहेत ते पाहू लागले, की कादंबरी फिकी पडते.

गंमत अशी, की या कथेचा पहिला अध्याय आपल्याच देशात घडला. इसवी सनापूर्वी सुमारे चारशे वर्षांच्या सुमारास क्टेसियस नावाचा एक ग्रीक वैद्य इराणच्या बादशहाच्या दरबारी होता. हिंदुस्थान त्याने डोळ्यांनी पाहिला नव्हता, पण हिंदुस्थानातून येणाऱ्या चीजा पाहिल्या होत्या आणि ऐकीव गोष्टी गोळा केल्या होत्या. त्याच्या ग्रंथाचा जो गोषवारा आज मागे उरला आहे, त्यात एका पक्ष्याचे वर्णन आहे. तोंड जांभळट, हनुवटीला काळी दाढी, आणि माणसासारखी जीभ. हा पक्षी हिंदी माणसाची भाषा बोलतो, आणि ग्रीक शिकविले तर ग्रीकही बोलेल, असे क्टेसियस सांगतो. वर्णनावरून तो आपल्या रानातला तुईया पोपट असावा असे पक्षिशास्त्रज्ञ म्हणतात.

पुढे अलेक्झांडर सिंधू नदीपर्यंत आला. परत जाताना त्याने आपल्या आरमाराची सूत्रे निआर्कस या सेनापतीकडे दिली, आणि इ. स. पूर्व ३२५ मध्ये निआर्कस सिंधूच्या मुखातून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने इराणच्या आखातात गेला. त्याच्या वृत्तांताच्या आधारे साडेचारशे वर्षांनी आरियन या लेखकाने हिंदुस्थानविषयी एक पुस्तक लिहिले. त्यात आरियन म्हणतो, की निआर्कस पोपटाचे आणि त्याच्या माणसासारख्या बोलण्याचे मोठे नवल करून सांगतो. पण मी स्वतःच कितीतरी पोपट पाहिले आहेत आणि इतरांनाही ते ठाऊक आहेत, तेव्हा मी त्याचे वर्णन करीत बसत नाही. या एका वाक्यात केवढा इतिहास दडला आहे पाहा. सेनापतीला जे अचाट वाटले ते साडेचारशे वर्षांत इतके नित्याचे झाले, की लेखकाला त्यावर शाई खर्चण्याचा कंटाळा आला. मधल्या काळात पक्षी आपल्या देशातून पश्चिमेकडे जात राहिले, एवढाच त्याचा अर्थ. आजही आपल्याकडच्या थोराड पहाडी पोपटाला इंग्रजीत अलेक्झांडरचेच नाव चिकटलेले आहे.

रोमन लोकांत त्याचे कौतुक कसे होत असे, तेही पाहण्यासारखे आहे. पहिल्या शतकातला प्लिनी सांगतो, की हा पक्षी हिंदुस्थान पाठवितो. अंग हिरवे, मानेभोवती तांबडे कडे. बादशहांना तो नमस्कार घालतो आणि ऐकलेले शब्द परत म्हणतो. शिकवताना मात्र त्याच्या डोक्यावर लोखंडी सळईने मारावे लागते, नाहीतर त्याला मार कळतच नाही! पाठांतर न करणाऱ्या मुलाला छडी, ही पद्धत आमच्या शाळाखात्याने काढलेली नाही, एवढा दिलासा या माहितीवरून मिळतो.

आपल्या स्वतःच्या वाङ्मयात मात्र पोपट घरीच राहिला आहे. 'शुकसप्तती'त आणि तिच्या मराठी अवतारात, 'शुकबहात्तरी'त, व्यापारी परदेशी जातो आणि पोपट मागे राहून रात्रीमागून रात्री गोष्टी सांगत त्याचा संसार राखतो. गलबतावर चढलेले आपले पक्षी म्हणजे कावळा आणि मोर. पाली भाषेतल्या बावेरु जातकात हिंदी व्यापारी बावेरु, म्हणजे बाबिलोनच्या मुलखात आधी दिशा दाखविणारा कावळा नेतात आणि शंभर नाण्यांना विकतात. दुसऱ्या खेपेस चुटकी वाजविताच केका करणारा, टाळी वाजविताच नाचणारा मोर नेतात आणि हजार घेतात. मोर आल्यावर कावळ्याकडे कोणी ढुंकून पाहीना, अशी ती कथा आहे. गलबतावरच्या पक्ष्याला किंमत येते ती त्याच्या करामतीमुळे, हे आपल्या व्यापाऱ्यांना दोन हजार वर्षांपूर्वी कळलेले होते.

आता एकदम पंधराव्या शतकाच्या अखेरीकडे यावे लागते. कारण महासागर ओलांडणारी मोठी गलबते तेव्हा निघाली, आणि पोपट खऱ्या अर्थाने दर्यावर्दी झाला तोही तेव्हाच. १२ ऑक्टोबर १४९२ रोजी कोलंबस ज्या बेटावर उतरला, तेथले लोक पोहत येऊन त्याच्या खलाशांना सुताच्या गुंड्या, भाले आणि पोपट देऊ लागले. परत जाताना ते पोपट त्याच्याबरोबर स्पेनला गेले.

पण मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो तो पोर्तुगीज कप्तान पेद्रो आल्व्हारिश काब्राल याचा पोपट. वास्को द गामा हिंदुस्थानचा मार्ग शोधून परतल्यावर पोर्तुगालच्या राजाने ९ मार्च १५०० रोजी तेरा जहाजांचा ताफा काब्रालच्या हाताखाली कालिकतला रवाना केला. वारे साधण्यासाठी पश्चिमेकडे फार दूर गेलेला हा ताफा २२ एप्रिल रोजी अनपेक्षितपणे एका नव्या किनाऱ्याला लागला. तो ब्राझीलचा किनारा. ताफ्यावर पेरु व्हाझ द कामिन्या नावाचा एक लेखनिक होता. त्याने राजाला लिहिलेले १ मे १५०० चे लांबलचक पत्र लिस्बनच्या दप्तरखान्यात शतकानुशतके पडून होते. ते छापून निघाले १८१७ साली.

त्या पत्रात तो सांगतो, की किनाऱ्यावरच्या दोन तरुणांना होडीतून कप्तानाच्या जहाजावर आणले. कप्तान नटूनथटून खुर्चीवर बसला होता, पायांखाली गालिचा होता, गळ्यात मोठा सोन्याचा हार होता. पाहुण्यांना एकेक वस्तू दाखविण्यात आली. मेंढा दाखविला, त्यांनी लक्ष दिले नाही. कोंबडी दाखविली; ते जवळजवळ घाबरले, हात लावीनात. कप्तानाने बरोबर आणलेला एक करडा पोपटही पुढे केला. तो मात्र त्यांनी लगेच हातावर घेतला आणि जमिनीकडे बोट केले. जणू सांगत होते, असले आमच्याकडेही आहेत!

दोन्ही बाजूंना एकमेकांचा एक शब्द समजत नव्हता. मेंढा परका, कोंबडी परकी, मेणबत्त्या परक्या. ओळखीचा निघाला तो पोपट. करड्या रंगावरून तो आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचा असावा. तेथे पोर्तुगीजांचा व्यापार चाले. म्हणजे आफ्रिकेचा पक्षी, युरोपचा धनी, अमेरिकेतला पाहुणा, आणि जहाजाचे तोंड हिंदुस्थानाकडे! मग देवघेव सुरू झाली. खलाशांनी तेथल्या लोकांकडून मोठे तांबडे पोपट आणि लहान हिरवे पोपट घेतले. बातमी घेऊन एक जहाज परत लिस्बनला गेले, आणि त्या नव्या मुलखाला काही दिवस लोक 'पोपटांचा देश' असेच म्हणू लागले. १५०२ साली लिस्बनमध्ये गुपचूप नक्कल करून इटलीत नेलेला एक प्रसिद्ध नकाशा आहे. त्यातही ब्राझीलच्या जागी ऐटीत बसलेले पोपट रंगविलेले आहेत. ताफा मात्र पुढे निघाला, वाटेत वादळात चार जहाजे माणसांसकट बुडाली, आणि काब्राल सप्टेंबरात कालिकतला पोचला. तो करडा पोपट त्याच्याबरोबर मलबारच्या बंदरात उतरला की नाही, यावर इतिहास बोलत नाही.

आता चाच्यांकडे वळू. खांद्यावर पोपट बसवून हिंडणारा चाचा हे कादंबरीतले चित्र. पण चाच्यांच्या जहाजांवर पोपट होते याला चांगला साक्षीदार आहे. तो म्हणजे विल्यम डॅम्पियर. हा स्वतः चाच्यांत वावरलेला, पण नजर शास्त्रज्ञाची. वारे, प्रवाह, झाडे, पक्षी यांची टिपणे ठेवण्याचा त्याला नाद होता. १६७६ साली मेक्सिकोच्या किनाऱ्यावर आल्व्हाराडो नावाच्या स्पॅनिश गावावर या टोळीने छापा घातला. किल्ला घेताना आपली दहाअकरा माणसे पडली, आणि गावकरी चीजवस्तू घेऊन पळून गेले. उरले काय? खारविलेले मासे आणि मांस, कोंबड्या, आणि पिंजऱ्यातले पाळीव पोपट. पिवळे-तांबडे रंग, बोलणे मोठे गोड. टोळीत असा एक माणूस निघाला नसेल, ज्याने एकदोन पोपट जहाजावर पाठविले नाहीत. धान्यधुन्य, पेट्या, कोंबड्यांची खुराडी, पोपटांचे पिंजरे यांनी जहाजे गच्च भरली, असे डॅम्पियर लिहितो.

दुसऱ्याच दिवशी स्पेनची लढाऊ गलबते शिडे फुगवून येताना दिसली. तोफांपाशी उभे राहायला जागा नाही, दोरांना हात घालायला वाट नाही! तेव्हा चाच्यांनी तूतकावरची सगळी अडगळ समुद्रात फेकली आणि ते खाडीच्या तोंडातून निसटले. अडगळ म्हणजे काय, ते डॅम्पियरने आधीच्याच वाक्यात सांगून ठेवले आहे. काल ज्यांचे बोलणे गोड वाटले, ते आज अडगळ ठरले. डॅम्पियर त्यावर एक शब्दही जास्त लिहीत नाही आणि आपण त्याच्याकडून तशी अपेक्षाही करू नये; पाठीशी तोफा असल्यावर कोण पोपटांची खंत करतो? पण वाचताना आपण क्षणभर थांबतो खरे. हाच डॅम्पियर ३३ वर्षांनी, पांढऱ्या केसांनिशी, वूड्स रॉजर्सच्या जहाजावर वाटाड्या होता. तेव्हा त्या जहाजाने बेटावरून उचलला तो अर्धवट शब्द बोलणारा सेलकर्क.

गलबतावरचे पोपटाचे आयुष्य सुखाचे नव्हते, हे सांगायला कोणा पंडिताची गरज नाही. शिडाच्या जहाजाला दक्षिण अमेरिकेहून किंवा हिंदुस्थानातून युरोप गाठायला कित्येक महिने लागत. माणसांनाच प्यायचे पाणी मोजून मिळे. बिस्किटांत किडे पडलेले. त्यात पक्ष्याला ताजे फळ कोठून येणार? खारे तुषार पिसांवर बसत, उष्ण देशातला जीव उत्तरेच्या थंडीत गारठे. बंदरात विकत घेतलेल्या पक्ष्यांपैकी कितीतरी वाटेतच मरत. जे जगत, ते मात्र जहाजाला असे काही सरावत की पाहत राहावे. पोपटाची दोन बोटे पुढे आणि दोन मागे असतात, आणि चोच हा त्याचा तिसरा पायच. जहाज कितीही कलले तरी दोरांच्या जाळ्यातून चोचीने धरीत, पाय बदलीत तो एखाद्या मुरलेल्या खलाशासारखा वर चढे. लाकडी पिंजरा त्याच्या चोचीपुढे टिकत नसे, आणि चोचीच्या टप्प्यात आलेला दोर किंवा पेटीचा कोपरा कुरतडून ठेवण्यात त्याला आनंद वाटे.

खलाशाला त्यात दोन फायदे दिसत. एक रोख. परदेशातून आणलेल्या पोपटाला गिऱ्हाईक होते, आणि बोलक्या पोपटाला जास्तच. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या गोदीजवळ चार्ल्स जॅमरॅक या व्यापाऱ्याचे दुकान होते. नुकत्याच लागलेल्या जहाजांवरचे खलाशी आपले पक्षी आणि प्राणी तेथे विकत. दुसरा फायदा खिशात मावणारा नव्हता. घरदार सोडून दोनदोन वर्षे समुद्रावर राहणाऱ्या, कप्तानाच्या शिव्या आणि चाबूक यांखेरीज ज्याला कोणी नावाने हाक मारीत नाही अशा माणसाला, रात्रीच्या पहाऱ्यावर कोणीतरी 'काय रे?' म्हटलेले हवे असते. आपल्याकडे बायाबापड्या पोपटाला 'विठू विठू' बोलायला शिकवितात, कारण मुखी देवाचे नाव यावे हीच त्यांची इच्छा. खलाशाने त्याला जे शिकविले ते अर्थात चारचौघांत म्हणण्यासारखे नसे.

आता पोपट बोलतो तरी का? आपण 'पोपटपंची' हा शब्द शिवीसारखा वापरतो. अर्थ न समजता केलेली घोकंपट्टी ती पोपटपंची. शास्त्रज्ञांनी अलीकडे जे शोधून काढले आहे ते कळले, तर या शब्दाची थोडी लाज वाटेल. पोपटाला आपल्यासारखा कंठ नसतो. त्याचे आवाजाचे यंत्र श्वासनलिकेच्या खालच्या टोकाला असते आणि जाड जीभ हलवून तो त्या आवाजाला आकार देतो. पण यंत्र हा प्रश्नाचा लहान भाग. मोठा भाग असा, की पोपट हा थव्याने राहणारा पक्षी आहे. थव्यात दाट पानांआड एकमेकांना शोधण्यासाठी, आपला कोण आणि परका कोण हे ओळखण्यासाठी, त्याला सोबत्यांच्या हाका शिकाव्या लागतात. २०११ साली व्हेनेझुएलात लहान हिरव्या पोपटांच्या घरट्यांवर झालेल्या अभ्यासात असे दिसून आले, की पिलू घरट्यात असतानाच आईबाप त्याला एक वेगळी हाक लावून देतात. आपण बारशाला कानात नाव सांगतो, तसेच म्हणा ना!

असे पिलू घरट्यातून काढले, समुद्रावर नेले, आणि भोवती आपल्या जातीचे कोणी उरले नाही, तर ते काय करील? ज्यांच्यात येऊन पडले त्यांच्या हाका शिकेल. गलबतावरचे खलाशी हाच त्याचा थवा. तो तांडेलाच्या आवाजात ओरडतो, आचाऱ्यासारखा खोकतो, सुकाणूवरच्या माणसाची शीळ घालतो, ते सारे 'मी तुमच्यातला आहे, मला सोडून जाऊ नका' असे सांगण्यासाठी. घरापासून तुटलेला माणूस आणि थव्यापासून तुटलेला पक्षी, दोघे एकाच डोलकाठीखाली एकमेकांची भाषा धरून राहिले होते. फरक एवढाच, की माणूस आपल्या पायांनी जहाजावर चढला होता. तोही नेहमीच नव्हे.

हे शेवटचे वाक्य मी लिहिले ते एका माणसाची आठवण होऊन. त्याचे नाव टुपाइया. पॅसिफिक महासागरातल्या रायाटेआ बेटावरचा हा पुरोहित आणि अव्वल दर्जाचा वाटाड्या. होकायंत्र नाही, नकाशा नाही; तारे, लाटा आणि पक्षी यांच्यावरून हजारो मैल होड्या हाकणाऱ्या परंपरेतला. १७६९ च्या जुलैत ताहितीहून तो आपल्या हौसेने कप्तान जेम्स कुकच्या 'एंडेव्हर' जहाजावर चढला. बरोबर टायाटा नावाचा एक पोरगा. त्याच्या सांगण्यावरून ७४ बेटांचा एक नकाशा तयार झाला. न्यूझीलंडमध्ये तेथल्या लोकांशी त्याला बोलता आले, कारण भाषा बहिणी-बहिणी निघाल्या, आणि त्याच्यामुळेच कुकची माणसे अनेकदा संकटातून वाचली. जहाजावरचा श्रीमंत निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स याने त्याला बरोबर घेण्याचा आग्रह धरला होता. आग्रहाचे कारण मात्र बँक्सने आपल्या रोजनिशीत असे लिहिले आहे, की माझे काही शेजारी सिंह-वाघ पाळतात, तसा मी हा एक नवलाचा नमुना म्हणून का ठेवू नये!

१७७० च्या एप्रिलअखेर जहाज ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याला, बॉटनी बे येथे लागले. तेथल्या लोकांची भाषा टुपाइयाला मुळीच कळेना. जो इतके दिवस सर्वांच्या वतीने बोलत होता, तो तेथे एकाएकी मुका झाला. बँक्स लिहितो, की टुपाइया पोपटांच्या मागे रानात हिंडत असे. तेथून एक इंद्रधनुष्यी रंगाचा लहान पोपट जिवंत जहाजावर आला आणि टुपाइयाजवळ राहिला. वर्षाच्या अखेरीस जहाज डागडुजीसाठी बटेव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला थांबले. तेथल्या रोगट हवेने जहाजावरची कितीतरी माणसे नेली. आधी तो पोरगा टायाटा गेला. पाठोपाठ टुपाइया गेला. बेटावर परत जाणे त्यांच्या नशिबी नव्हते, इंग्लंड पाहणेही नव्हते.

पोपट जगला. १७७१ च्या जुलैत तो इंग्लंडला पोचला. ऑस्ट्रेलियातून जिवंत आलेला हा पहिला पोपट समजतात. बँक्सने तो एका संग्राहक मित्राला दिला, आणि पीटर ब्राउन या चित्रकाराने काढलेले त्याचे चित्र १७७६ साली छापून निघाले. निळे पोट, तांबूस छाती, हिरवे पंख. चित्र आजही पाहायला मिळते. नवलाचे दोन नमुने निघाले होते, एक पोचला. त्या पोपटाने टुपाइयाचे शब्द उचलले होते की नाही, याची नोंद कोणी केली नाही. लंडनमध्ये ते शब्द ओळखणारे कोणी नव्हते. तेव्हा त्याने ते म्हटले असते तरी ऐकणाऱ्याने 'ओरडतो आहे' एवढेच म्हटले असते.

अशा शब्दांची नोंद एका प्रवाशाने मात्र केली आहे. तो अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट. हा जर्मन शास्त्रज्ञ १८०० साली बोंप्लाँ या वनस्पतिशास्त्रज्ञासह दक्षिण अमेरिकेतल्या ओरिनोको नदीतून प्रवास करीत होता. त्याचे वाहन सागरी गलबत नव्हते. झाडाचे खोड कोरून केलेली ४० फूट लांब, तीन फूटही रुंद नसलेली होडी. मागच्या बाजूला पानांचे बुटके छप्पर, त्याखाली माणसे आडवी. आणि जागा उरेल तेथे पिंजरे. सात पोपट, एक मोठा जांभळा पोपट, टूकन, रानकोंबड्या, आठ माकडे! पावसाची चिन्हे दिसताच मोठा पोपट भयंकर किंचाळे, टूकन मासे धरायला काठाकडे झेपावे, आणि इवलीइवली माकडे बरोबरच्या पाद्रीबाबांच्या झग्याच्या घोळदार बाह्यांत शिरून बसत. घरी मुलाबाळांना वाचून दाखवावा असा तो प्रसंग आहे.

याच प्रवासात नदीच्या मोठ्या धबधब्यांपाशी, मायपुरेस या वस्तीत, त्याला एक म्हातारा पोपट भेटला. वस्तीतल्या लोकांनी सांगितले, की हा काय बोलतो ते आम्हाला कळत नाही, कारण तो आतुरेस लोकांची भाषा बोलतो. आतुरेस म्हणजे जवळच राहणारी एक जमात. शत्रूंच्या भयाने ती धबधब्यांच्या खडकांत सरकत गेली आणि तेथेच संपली. हुम्बोल्टने त्यांची दफनाची गुहाही पाहिली. तीत सुमारे ६०० सांगाडे करंड्यांत बसविलेले होते. माणसे करंड्यांत आणि त्यांची भाषा एका पक्ष्याच्या जिभेवर! तो पक्षी बोलत होता ते उगीच बडबडणे नव्हते. ज्यांच्यात वाढला त्यांना तो हाक मारीत होता. ओ देणारे कोणी शिल्लक नव्हते.

येथे मला आपल्या भाषेतल्या एका शब्दाची आठवण होते. इंग्रजीत ज्याला नॉव्हेल म्हणतात त्याला मराठीने नाव दिले 'कादंबरी'. हे नाव घेतले बाणभट्टाच्या सातव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथावरून. आणि त्या ग्रंथाची कथा सांगतो कोण? एक पोपट. शूद्रक राजाच्या दरबारी चांडाळकन्येने पिंजऱ्यातून आणलेला वैशंपायन. तो आपली जी हकीकत सांगतो तिचा आरंभ रानातल्या शेवरीच्या झाडावरच्या ढोलीत होतो. शबरांची टोळी येते, एक म्हातारा पारधी झाडावर चढून पक्ष्यांना मारतो, त्यात पिलाचा बाप जातो, आणि पिलू बापाच्या पंखाखाली दडून वाचते. म्हणजे जिच्यावरून आपण सगळे कादंबरीकार आपल्या धंद्याचे नाव सांगतो, ती कथा थव्यातून तुटलेल्या पिलाची आहे. बाणभट्टाने ब्राझील पाहिले नव्हते, बॉटनी बे पाहिला नव्हता. पण बोलका पोपट कोठून येतो, हे त्याला पक्के ठाऊक होते.

शिडाची गलबते गेली, आगबोटी आल्या, मग विमाने आली, आणि पोपटांची ने-आण घटण्याऐवजी वाढली. आफ्रिकेतला करडा पोपट, काब्रालच्या जहाजावर होता त्या जातीचा, इतका पकडला गेला की कित्येक रानांतून तो दिसेनासा झाला. अखेर २०१६ साली जोहान्सबर्ग येथे भरलेल्या देशोदेशींच्या परिषदेत रानातले करडे पोपट पकडून परदेशी विकण्यावर बंदी घालण्याचे ठरले. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातला पोपट पकडणे आणि पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा ठरला आहे. तरी दारोदार चिठ्ठी काढणाऱ्या पोपटवाल्याला आपण अजून पुरते विसरलेलो नाही.

दिवाळीच्या सुटीत कोकणात किंवा गावी जाल, तेव्हा संध्याकाळी मावळतीच्या सुमारास जरा अंगणात उभे राहा. पोपटांचा थवा डोक्यावरून झाडाकडे परततो आणि जाताना एकसारखा कलकल करीत जातो. आपल्याला तो एकच गोंगाट वाटतो. पण त्यात प्रत्येकाची हाक वेगळी असते आणि प्रत्येक हाकेला ओ देणारे कोणीतरी त्या थव्यात असते. काब्रालच्या करड्या पोपटाला, आल्व्हाराडोच्या पिंजऱ्यातल्या पिवळ्या-तांबड्या पोपटांना आणि टुपाइयाच्या सोबत्याला तेवढेच मिळाले नाही. म्हणून ते माणसाची भाषा शिकले.